निळ्या खिडकीतली परवानगी

‘सोलो लेव्हलिंग’ या कोरियन वेबटूनच्या, म्हणजे मोबाइलवर वर सरकवत वाचायच्या चित्रकथेच्या, सुरुवातीच्या भागांत एक गुहा येते. दर्जा सी, म्हणजे कागदोपत्री फार जिवावरची नाही. ह्वांग दोंगसुक नावाचा हंटर, म्हणजे गुहांतल्या राक्षसांना मारणारा, आपली टोळी घेऊन आत शिरतो आणि माणसं कमी पडतात म्हणून कथेचा नायक सुंग जिनवू आणि यू जिनहो या दोघांना सोबत घेतो. आत भिंतीभर माना-स्फटिकं, म्हणजे जादुई ऊर्जेची महागडी स्फटिकं, चमकत असतात आणि त्याच दालनात एक अजस्र कोळी झोपलेला असतो. वाटेकरी जितके कमी तितकं बरं, म्हणून टोळी या दोघांना कोळ्यासमोर सोडून देते आणि बाहेरची वाट बंद करते. जिनवू कोळ्याला मारतो. टोळी परत येते तर दोघंही जिवंत. दोंगसुक जिनहोला सांगतो की याला तू मार, तुला सोडतो. जिनहो नकार देतो. आणि तेव्हा जिनवूच्या डोळ्यांसमोर हवेत ती निळी खिडकी उघडते, व्हिडिओ गेमसारखे त्याला आदेश देणाऱ्या यंत्रणेची. या माणसांना मार. नाही मारलंस तर तुझंच हृदय बंद पडेल.

जिनवू सगळ्यांना मारतो. त्यात आश्चर्य काहीच नाही, समोरच्यांनी शस्त्रं उपसलेलीच होती. खटकतो तो क्रम. खिडकी आली नसती तरी स्वसंरक्षण म्हणून हे निभावलं असतं, वाचकाने एका शब्दाने तक्रार केली नसती. तरीही चुगोंगच्या मूळ कादंबरीने आणि दुबूने काढलेल्या चित्रांनी आधी खिडकी दाखवली आणि मग खंजीर. नायकाच्या हातून पहिल्यांदा माणसं मरणार आहेत, तेव्हा आदेश वरून आला पाहिजे, अशी काळजी घेतल्यासारखी. राक्षसांना मारताना जिनवूचा चेहरा जसा दिसतो तसाच इथे दिसतो. नंतर त्यालाही जाणवतं की आपल्याला पुरेसं अपराधी वाटत नाहीये, ही यंत्रणा आपल्याला बदलतेय की काय. तो विचार दोन-चार चौकटी टिकतो आणि कथा पुढे सरकते. पुढे दोंगसुकचा अमेरिकेत असलेला भाऊ ह्वांग दोंगसू कथेत येतो. अगदी वरच्या एस दर्जाचा हंटर, भाऊ कसा मेला हे शोधणारा. प्रश्न अगदी रास्त. पण कथा त्याला जिनहोचं अपहरण करायला लावते, त्याचे हाल करायला लावते, आणि तो रास्त प्रश्न त्या क्रूरपणाखाली गाडला जातो. जिनवू त्यालाही संपवतो. उत्तर द्यावं लागत नाही.

मारायची परवानगी कोणी दिली, हे बघायची सवय लागली की कोरियन अॅक्शन वेबटून वेगळेच दिसायला लागतात.

एरवी या प्रकाराचं कौतुक करताना ‘नायक काळा-पांढरा नाही, करडा आहे’ असं म्हणायची रीत आहे. अॅपवरच्या प्रत्येक दुसऱ्या वर्णनात ‘अँटीहीरो’ हा शब्द सापडतो. पण करडा रंग स्वस्त असतो. डोळ्यांवर केस, ओठाच्या कोपऱ्यात हसू, दोन-तीन थंड वाक्यं, झाला अँटीहीरो. त्यापेक्षा तीन गोष्टी तपासाव्यात. नायकाला मारायची मुभा कोण देतं? तिची किंमत कोण मोजतं? आणि पडलेल्या माणसावर चित्र किती वेळ थांबतं? तिसरी गोष्ट चित्रकाराच्या हातातली आहे आणि वेबटूनमध्ये ती छापील कॉमिकपेक्षा फार उघडी पडते. इथे पान उलटणं नसतं. नेव्हर या कोरियातल्या मोठ्या वेबटून-सेवेच्या पट्टीची रुंदी ६९० पिक्सेल, लांबीला मर्यादा नाही. दोन चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे वेळ. मुठीची चौकट, मग अंगठ्याने दोनदा वर सरकवावी लागेल एवढी पांढरी जागा, मग जबड्यावर बसलेला ठोसा. ही पांढरी जागा ठोशाआधी ठेवली तर वाचक आसुसतो. ठोशानंतर ठेवली तर त्याला त्या पडलेल्याकडे बघत बसावं लागतं. बहुतेक अॅक्शन वेबटून ती आधी ठेवतात. नंतर ठेवणारे थोडे, आणि तेच लक्षात राहतात.

चित्रकाराची अडचणही समजून घ्यायला हवी. आठवड्याला साधारण साठ-सत्तर चौकटी, रंगीत, वर्षभर. वर्ग, जिना, गच्ची यांची त्रिमितीय मॉडेल विकत मिळतात, ती स्केचअप या संगणक-प्रणालीत फिरवून पार्श्वभूमी करतात. म्हणून तर इतक्या शाळांची गच्ची एकाच ठेकेदाराने बांधल्यासारखी दिसते. अशा धावपळीत निळी खिडकी ही सगळ्यात स्वस्त चौकट. हात नाहीत, पर्स्पेक्टिव्ह नाही, चौकोन आणि मजकूर. नैतिक पेच सोडवायचं सगळ्यात सोपं साधन काढायलाही सगळ्यात सोपं असावं, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

खिडकीला खिडकीनेच उत्तर देणारं वेबटून म्हणजे ‘ऑम्निशंट रीडर’. सोलची मेट्रो, एक डबा, प्रवासी आपापल्या मोबाइलमध्ये. खिडकी उघडते. तीस मिनिटांत किमान एक सजीव मारा, नाहीतर मरा. डब्यातल्या माणसांची नजर सगळ्यात आधी एका म्हाताऱ्या बाईकडे वळते. कोणी आदेश दिलेला नसतो की म्हातारीच हवी. ती फक्त सगळ्यांत दुबळी असते. नायक किम दोकजाने मात्र ही कथा कादंबरी म्हणून आधीच वाचलेली आहे, एकट्याने, शेवटपर्यंत. त्याला माहीत आहे की आदेशात ‘माणूस’ लिहिलेलं नाही. एका लहान मुलाकडे किडे पकडून ठेवलेली पेटी आहे, ती तो हुडकतो. किडाही सजीवच, किड्याची अंडीही सजीवच. परवानगीचा कागद नीट वाचणारा नायक, ही कल्पना मला या प्रकारातली सगळ्यात तल्लख कलाटणी वाटते. पण तिचं दुसरं टोकही तितकंच टोचतं. दोकजाला उपाय आधीपासून ठाऊक होता आणि तो त्याने डब्याला ओरडून सांगितला नाही. किडे मोजके, माणसं पुष्कळ. कोणाला वाचवायचं हे त्याने मनाशी ठरवलं. त्या डब्यातून जिवंत बाहेर पडलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. लेखकद्वयी सिंगशोंग हे लपवत नाही. वाचक असणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे, हे पहिल्याच स्टेशनाआधी सांगून टाकते.

इथे पैशाचा विषय काढावाच लागतो, कारण नैतिक संदिग्धता वेबटूनमध्ये परवडावी लागते. नेव्हरवर प्रत्येक मालिकेचा वार ठरलेला. आठवड्याला एक भाग फुकट, पुढचे भाग आधी हवे असतील तर ‘कुकी’ नावाची विकतची नाणी मोजा. प्रतिस्पर्धी काकाओने २०१४ मध्ये ‘थांबा, म्हणजे फुकट’ हा मार्ग काढला, तिथेही घाई असेल त्याने पैसे द्यायचे. म्हणजे धंदा उभा आहे तो वाचकाच्या अधीरतेवर. आणि कोरियन वाचकांनी या अधीरतेला दोन नेमके शब्द दिलेत. घशात अडकल्यासारखा, अन्याय नुसता साचत जाणारा भाग म्हणजे ‘गोगुमा’, रताळं. आणि ज्यात खलनायकाला एकदाचा हिसका बसतो तो ‘सायडर’, तिथलं लिंबूसोड्यासारखं गोड पेय. भागाखालच्या प्रतिक्रियांत रताळ्याचा आरडाओरडा दोन आठवडे चालला की वाचक गळतात, हे लेखकाला रोजच्या आकड्यांत दिसतं. आता नायकाला शंका येणं, त्याने हात आवरणं, मारल्यावर त्याची झोप उडणं, हे सगळं रताळ्यात मोडतं. म्हणून चांगले लेखक शंका चोरून आणतात. सायडर देतात, आणि तो प्यायल्यावर जिभेवर कडू चव राहील अशी सोय करतात.

‘वीक हीरो’ हे याचं उत्तम उदाहरण. सॉपासचं लेखन, किम जिन-सोकची चित्रं, २०१८ पासून नेव्हरवर. शाळेतल्या इलजिनांच्या, म्हणजे दादागिरी करणाऱ्या टोळक्यांच्या कथांचा साचा तोवर पक्का झाला होता. मार खाणारा, पावाचे पुडे आणायला पिटाळला जाणारा पोरगा. मग गुरू, सराव, पिळदार दंड आणि हिशेब चुकता. इथला नायक येऑन सी-ऊन (इंग्रजी आवृत्तीत ग्रे येऑन) मात्र शेवटपर्यंत बारकाच राहतो. सरावाचा मोठा टप्पाच नाही. तो अभ्यासात पहिला आहे आणि मारामारीही प्रश्नपत्रिकेसारखी सोडवतो: समोरच्याचा तोल कुठे आहे, हाताशी काय आहे. पेन, पडदा, जाड पुस्तक, खुर्ची. इथे नियम पाळून लढणं नाही. दुबळ्याने बलवानाला हरवायचं तर त्याला जास्त क्रूर व्हावं लागतं, कारण समोरचा परत उठला तर संपलं. हे साधं गणित इतर कथा स्नायूंच्या आड लपवतात. सी-ऊन डोळ्याजवळ पेन रोखतो तेव्हा टाळ्या वाजवायला उचललेला हात थोडा रेंगाळतो.

सी-ऊनच्या आधीच्या काळावर बेतलेली मालिका नोव्हेंबर २०२२ मध्ये वेव्व या कोरियन स्ट्रीमिंग सेवेवर आली आणि तिने मूळ चित्रकथेपेक्षाही खोल घाव घातला. चाचणी परीक्षेच्या वेळी सी-ऊनच्या मानेवर मागून फेंटानिल या तीव्र, गुंगी आणणाऱ्या वेदनाशामकाची पट्टी चिकटवली जाते. चिकटवणारा ओ बॉम-सोक, टोळक्याने धमकावलेला, स्वतः आयुष्यभर मार खाल्लेला, एका राजकारण्याचा दत्तक मुलगा. पुढे हाच सी-ऊन आणि आन सू-हो यांचा मित्र होतो. तिघं एकत्र जेवतात, हसतात. साच्याप्रमाणे इथून विजययात्रा सुरू व्हायला हवी. पण बॉम-सोकच्या मनात काहीतरी कुजत जातं, आणि कारणं किती किरकोळ असावीत? सू-होने इन्स्टाग्रामवर उलट फॉलो केलं नाही. सगळे हसले तेव्हा आपण बाहेर होतो. ज्याने मार खाल्लाय तो मार देणार नाही, या गृहीतकावर सगळ्या इलजिन-कथा उभ्या असतात. ते इथे कोसळतं. बॉम-सोकच्या पैशावर आणि इशाऱ्यावर सू-हो कोमात जातो. शेवटी सी-ऊन बॉम-सोकसमोर उभा राहतो आणि त्याचा हात उठत नाही. मूठ काचेवर बसते. आठ भाग रताळं खाल्लेल्या प्रेक्षकाला सायडर मिळतच नाही. अशी हिंमत आठवड्याच्या हप्त्यात होणं कठीण, सगळे भाग हाताशी असलेल्या मालिकेत थोडी सोपी. माध्यम बदललं की शंकेचा भावही बदलतो.

या कथांतली मोठी माणसं एवढी अदृश्य का, असं बाहेरून वाचणाऱ्याला वाटतं. शिक्षक खिडकीबाहेर बघतो, मुख्याध्यापक घाम पुसतो, पोलीस उशिरा येतात. हा आळस नाही, कडवट अनुभव आहे. डिसेंबर २०११ मध्ये देगू शहरातल्या एका शाळकरी मुलाने वर्गमित्रांच्या छळाला कंटाळून आत्महत्या केली आणि देश हादरला. पुढच्या वर्षी सरकारने शालेय हिंसेची नोंद विद्यार्थ्याच्या दप्तरी कागदावर करायला सुरुवात केली. त्याच २०१२ मध्ये संप्रेषण मानक आयोगाने २३ वेबटून मुलांना घातक ठरवण्याची नोटीस काढली. चित्रकारांनी जोरदार विरोध केला आणि शेवटी स्वनियंत्रणावर तडजोड झाली. मुलं शाळेत मार खात होती आणि दोषी ठरत होती चित्रं. त्यानंतरच्या दशकातल्या वेबटूनमधला निर्विकार शिक्षक त्या तडजोडीचाच पुतळा वाटतो.

‘व्हायरल हिट’मध्ये परवानगीचा प्रकार आणखी नवा आहे. पार्क ते-जुनची कथा, किम जुंग-ह्योनची चित्रं, २०१९. यू होबिन गरीब, आई रुग्णालयात. एका ‘न्यूट्यूबर’च्या कॅमेरामनशी त्याची झटापट होते, ती चुकून थेट प्रक्षेपित होते आणि पैसे पडतात. मग तो लढायला शिकतो कोंबड्याचा मुखवटा घातलेल्या कोणा अनोळखी माणसाच्या व्हिडिओंवरून, आणि प्रत्येक लढत म्हणजे एक भाग, एक थंबनेल, एक उत्पन्न. वरवर हे हलकंफुलकं आहे. पण नीट बघा: ज्या प्रेक्षकांनी आधी होबिनसारख्यांना मार खाताना बघून पैसे टाकले, तेच आता होबिनला मारताना बघून टाकतात. गर्दी बदललेली नाही, बाजू बदलली. प्रत्यक्ष मारामारी फार तपशिलाने येते, लाथ पोटरीवर का, गळ्याभोवतीची पकड सोडवायची कशी. आणि तितक्याच तपशिलाने सदस्यसंख्या येते. लढत संपल्यावर चित्रकार पडलेल्याकडे जातच नाही, तो आकड्यांकडे जातो. उपरोध असेल तर तो इथे आहे. असेल तर, असं म्हणायचं कारण लेखकाला स्वतःलाही ते आकडे मनापासून आवडतात असं अधूनमधून वाटत राहतं.

सगळ्यात धोकादायक परवानगी मात्र कायदा हरल्याच्या भावनेतून येते. ‘व्हिजिलान्टे’चा किम जी-योंग पोलीस विद्यापीठाचा विद्यार्थी. लहानपणी त्याच्या आईला एका गुंडाने मारून टाकलं आणि त्याला नावापुरती शिक्षा झाली. आता तो आठवडाभर कायदा शिकतो आणि शनिवार-रविवारी सुटून आलेल्या, परत तेच करणाऱ्या गुन्हेगारांना गाठतो. चौदा वर्षांखालच्यांना फौजदारी शिक्षा नाही, दारूच्या नशेत होता म्हणून शिक्षा कमी, या गोष्टींवर कोरियात किती खदखद आहे हे ठाऊक असेल तर या वेबटूनचं तापमान कळतं. २००८ मध्ये एका लहान मुलीवर भयानक अत्याचार करणाऱ्याला नशेच्या कारणाने १२ वर्षांच्या शिक्षेवर सोडलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये तो बाहेर आला तेव्हा घराबाहेर गर्दी, कॅमेरे, थेट प्रक्षेपणं. वर्षभराने एक तरुण घरात घुसला आणि त्याने त्याला हातोडीने मारलं. चित्रकथा आणि बातमी यांच्यात अंतर फारसं उरत नाही. ‘व्हिजिलान्टे’ची खरी हुशारी जी-योंगच्या ठोशांत नाही, त्याच्याभोवती जमणाऱ्या माणसांत आहे. पत्रकार चोई मी-र्यो त्याला नाव देते आणि त्या नावावर आपला कार्यक्रम उभा करते. उद्योगघराण्यातला जो कांग-ओक त्याचा चाहता होतो, साधनं पुरवतो, एखाद्या खेळाडूला प्रायोजक मिळावा तसा. आणि तपास अधिकारी जो हॉन, जो एकटाच त्याला गुन्हेगार म्हणतो, तोच वाचकाला त्रासदायक वाटायला लागतो. आपण कोणाच्या बाजूला बसलो आहोत हे चाहत्या श्रीमंताकडे बघून कळतं, आणि ते बघणं सुखाचं नाही.

याच्या अगदी उलट ‘गेट स्कूल्ड’. शिक्षकांचा धाक संपला म्हणून शिक्षण खात्यात एक संरक्षण विभाग स्थापन होतो आणि त्याचा अधिकारी ना ह्वा-जिन शाळाशाळांत जाऊन उद्दामांना बदडतो. इथे परवानगी थेट सरकारी शिक्क्याची. संदिग्धता नावाला नाही. प्रत्येक विद्यार्थी इतका नीच रंगवलेला की थप्पड ही दुरुस्ती वाटावी. २०२३ मध्ये एका भागातल्या वर्णद्वेषी शब्दांवरून आणि चित्रणावरून इंग्रजी सेवेतून ही मालिका काढून टाकावी लागली, आणि खरं तर ते आश्चर्याचं नव्हतं. समोरच्याला आधी माणसातून उठवायचं आणि मग मारायचं, ही पद्धत एकदा अंगवळणी पडली की ती इलजिनापाशी थांबत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये सोलच्या एका प्राथमिक शाळेत तरुण शिक्षिकेचा मृत्यू झाला आणि काळे कपडे घातलेले हजारो शिक्षक शनिवारमागून शनिवार रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी काय होती? पालकांच्या त्रासदायक तक्रारींपासून, बालछळाच्या खोट्या आरोपांपासून कायद्याचं संरक्षण. छडी परत द्या, असं त्यांच्या मागण्यांत मुख्य नव्हतं. वेबटूनने वर्गात शोधलेला खलनायक शिक्षकांना वर्गाबाहेर, फोनच्या दुसऱ्या टोकाला दिसत होता.

साचा मुळापासून उलटा केला तो ‘द बॉक्सर’ने. जुंग जी-हूनचं हे वेबटून २०१९ मध्ये सुरू झालं. यू हा नायक जन्मजात अजिंक्य आहे आणि त्याला काहीही वाटत नाही. जिंकण्याचा आनंद नाही, मुष्टियुद्धाची ओढ नाही. प्रशिक्षक के त्याला एखादं हत्यार सापडावं तसा उचलतो. आणि मग लेखक एक विलक्षण गोष्ट करतो. प्रत्येक लढतीआधी तो प्रतिस्पर्ध्याची कथा सांगतो, सविस्तर, प्रेमाने. ताकेदा युतो बघा: हालअपेष्टांतून वर आलेला, चिकाटीवर जगणारा, पडला की उठणारा. कोणत्याही दुसऱ्या कॉमिकमध्ये तो नायक असता आणि हजार भागांनी विश्वविजेता झाला असता. इथे तो यूसमोर उभा राहतो, पडतो, उठतो, पडतो. मेहनत हरते. मारणारा तो आपला नायक, आणि आपण मनातल्या मनात समोरच्यासाठी प्रार्थना करतोय, ही उलथापालथ मी दुसऱ्या कुठल्याही खेळकथेत इतकी नितळ पाहिलेली नाही. पांढरी जागा ठोशानंतर ठेवणाऱ्यांत जुंग जी-हून पहिला. भडक रेषा नाहीत, आवाजाची अक्षरं फारशी नाहीत. पडलेला माणूस आणि भोवती रिकामपण.

आणि रेचल.

‘टॉवर ऑफ गॉड’ वाचलेल्या कोणालाही हे नाव घ्या, शिवी ऐकू येईल. एसआययू या चित्रकाराने २०१० मध्ये सुरू केलेल्या या मालिकेत नायक बाम तिच्या मागे मनोऱ्यात येतो आणि पहिल्या पर्वाच्या शेवटी, पाण्याखालच्या चाचणीत, ती त्याला ढकलून देते. मैत्रीण म्हणजे बक्षीस, हा साचा तिथेच फुटला आणि वाचक अजून सावरलेले नाहीत. नंतरच्या भागांत कळतं की तारे बघायची इच्छा घेऊन मनोऱ्याकडे आधी ती निघाली होती, पण दार उघडलं ते बामसाठी. रखवालदार हेडनने तिला वर जायचं तर एक अट घातली, बामला संपवायची. म्हणजे तिच्यासमोरही एक निळी खिडकीच उघडली होती की. आदेश, मोबदला, सगळं तेच. जिनवूने आदेश पाळला तर ती त्याची वाढ, रेचलने पाळला तर ते पाप. फरक इतकाच की जिनवूसमोरची माणसं लेखकाने आधीच नीच करून ठेवली होती आणि रेचलसमोरचा मुलगा गोड होता. स्वप्नासाठी काहीही करणारा, कोणी निवडलेलं नसताना वर चढणारा नायक आपल्याला किती प्रिय असतो; रेचल अगदी तीच आहे, फक्त तिच्याकडे गुणवत्ता नाही. तिचा राग येणं चूक नाही. पण त्या रागात तिला प्रतिभा नसल्याचा राग किती, हे वेगळं काढून बघावं.

कांग फुलच्या ‘मूव्हिंग’वर खरं तर स्वतंत्र लिहायला हवं, इथे एवढंच: त्यातल्या अतिमानवांना परवानगी नोकरीच्या नेमणूकपत्रातून मिळते, दक्षिणेत गुप्तचर खात्याच्या आणि उत्तरेत लष्कराच्या. उत्तरेतून आलेले मारेकरीही जबरदस्तीने भरती केलेले, घरदार असलेले. दोन्हीकडे आदेश एकाच साच्यातला आणि मरणारे दोन्हीकडे बाप.

या सगळ्या परवानग्यांच्या खाली आणखी एक असते, ती फार वेळ लक्षात येत नाही. आजारी आई. जिनवूची आई रुग्णालयात बेशुद्ध, होबिनची आई रुग्णालयात, जी-योंगची आई मेलेली. या प्रकारात बायकांना लढायला कमी आणि अंथरुणावर पडून राहायला जास्त मिळतं. बिल भरायचंय, म्हणून मुलगा जे करेल ते माफ. फार थोडी वेबटून हा आधार काढून घेण्याची हिंमत करतात, आणि त्यातलं सगळ्यात निर्दय बहुधा सगळ्यात जुन्यांपैकी एक आहे: २०१० मध्ये सुरू झालेलं कोमाबीचं ‘अ किलर पॅराडॉक्स’. चार चौकटींच्या पट्ट्या, मोठ्ठी डोकी, इवलेसे हातपाय, पोरांच्या मासिकात शोभतील अशी चित्रं. ई तांग रात्रपाळीला किराणा दुकानात काम करतो. आईवडील धडधाकट, कर्ज नाही, सूड नाही. एका रात्री त्रास देणाऱ्या दारुड्याला तो हातोडीने मारतो आणि माणूस मरतो. खिडकी उघडत नाही, कोणी आदेश देत नाही. मग कळतं की मेलेला माणूस लपून राहिलेला खुनी होता. नंतर ज्यांना तो मारतो तेही असेच निघतात, पुरावे आपोआप पुसले जातात, आणि नो बिन नावाचा एक पोरगा येऊन त्याला पटवू लागतो की तू निवडलेला आहेस. याच नो बिनने आधी सोंग चोन नावाच्या माजी पोलिसालाही असंच नायक मानलं होतं. तो आता म्हातारा आहे, खात्रीने माणसं मारत फिरतो आणि त्याचा हिशेब तांगइतका स्वच्छ निघत नाही. तांगला स्वतःला मात्र शेवटपर्यंत ठाऊक नसतं की हा न्याय आहे की नशीब. २०२४ च्या नेटफ्लिक्स मालिकेने रंग, लांबी, पात्रांचं वजन बरंच बदललं, पण हा क्रम हलवला नाही: आधी हातोडी, आणि परवानगी दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत.